कागदाच्या मागच्या बाजूला

आटपाडी
दि. २६ मे २०२५

शबाना बेटी,

तुला, तौसीफला आणि माझ्या शाझियाला भरपूर दुआ.

उद्या सकाळी आकारामच्या टेम्पोतून बकरा येतोय. आकाराम डाळिंबं घेऊन कराडला निघालाय, त्या क्रेटांच्या शेजारी साहेब ऐटीत बसून येतील, आणि हे पत्रही आकारामच्याच हाती देतोय. दोन दात पुरे झालेत, शिंगं शाबूत, चाल सरळ, डोळे स्वच्छ. तुझ्या सासऱ्यांना म्हणावं, अंगावरून हात फिरवून बघा. कुठं ऐब सापडला तर हा दिलावर पुन्हा बाजारात पाय ठेवणार नाही.

तुझ्या लग्नाला बारा वर्षं झाली, आणि सासरच्यांनी आपल्याकडचा बकरा यंदा पहिल्यांदा मागितला. मागितला म्हणण्यापेक्षा नको म्हणाले नाहीत, पण मला तेवढंही पुष्कळ आहे. तुझी आई असती तर तिनं त्याला हार घालून वेशीपर्यंत सोडलं असतं. तुला मी सांभाळलं, शिकवलं, शिक्षिका केलं, तरी तुझ्या सासरच्या बैठकीत मी अजून आटपाडीचा बकरीवालाच. म्हणून किमतीचं नाव काढायचं नाही. हा माहेरचा बकरा आहे.

लिंबाचा पाला आवडीनं खातो. मक्याचा भरडा थोडाच द्या. कानांना मात्र कुणी फार हात लावू नये, तो बिचकतो.

इकडं बाकी ठीक. टेकाडावरची राहीबाई, ती मेंढरंवाली, तापानं फणफणली होती. तिला सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात नेलंय. लेक कृष्णात मिलिटरीतून रजा काढून आलाय.

पत्र लिहितो म्हणून शाझिया मला हसते ना? तिला सांग, नानाचे कान गेलेत. फोन आला की तुझी अफसानाभाभी तो स्पीकरवर टाकते, वर माझ्या कानाशी ओरडते, आणि आपलं बोलणं मला कळायच्या आधी सगळ्या गल्लीला कळतं. सून चांगली आहे, पण तिचा आवाज! त्यापेक्षा आपला नाथाजी पोस्टमन बरा. चाळीस वर्षं दोस्ती आहे, पण पाकीट कधी उघडत नाही.

तुझा,
दिलावरमामू

कराड
दि. २ जून २०२५

मामू, सलाम.

तुमचे साहेब सुखरूप पोहोचले आणि आल्या आल्या सासूबाईंची तुळस खाऊन मोकळे झाले! हो, आमच्याकडे तुळस आहे, खोकल्यासाठी लावलीय. तरी सासूबाई रागावल्या नाहीत. सासऱ्यांनी पाठीवर हात फिरवला, दात बघितले आणि म्हणाले, "जनावर पारखावं तर यांनीच." मामू, एवढं एक वाक्य ऐकायला मी बारा वर्षं थांबले होते. स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले.

शाझियानं त्याचं नाव काजू ठेवलंय. शाळेला सुट्टी, त्यामुळे सकाळपासून त्याच्याजवळ. त्याला पाला, त्याला पाणी, त्याला गोष्टी. मी तिला समजावते, बेटा, तो ईदचा आहे. ती म्हणते, मला माहीत आहे. पण नऊ वर्षांच्या पोरीला काय माहीत असणार.

आणि एक गंमत सांगू? तुमच्या बिनऐबी बकऱ्याच्या कानात गोचीड निघाले हो! चांगले एरंडीच्या बीएवढे. शाझियाला त्याचा भारी नाद लागलाय. कान उलटा करून एकेक उपटते आणि पायरीवर नखानं कटकन् फोडते. म्हणते, "अम्मी, काजूला बरं वाटतं." मी सासूबाईंना कळू दिलं नाही. माहेरची अब्रू माझ्या हातात आहे, आता मला पुढच्या खेपेला खवा पाठवा.

राहीबाईची तब्येत कशी आहे?

तुमची,
शबाना

कराड
दि. ९ जून २०२५

मामू, सलाम.

ईद झाली. तुम्हाला मुबारक म्हणायला कालच लिहिणार होते, पण घरात आजारपण आलं.

शाझियाला परवापर्यंत काही नव्हतं. ईदच्या आदल्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या सृष्टीनं तिच्या दोन्ही हातांवर मेंदी काढली, मनगटापर्यंत भरगच्च. नवा ड्रेस घालून मिरवत होती. कुर्बानीच्या वेळी तिला आम्ही सृष्टीकडे पाठवलं होतं. परत आली, मोकळं दावं बघितलं आणि आत निघून गेली. जेवली नाही. मटणाच्या पातेल्याकडे बघितलंसुद्धा नाही. काल दुपारी अंग तापलं, आज १०२ आहे. डोकं दुखतं म्हणते, पाय दुखतात म्हणते आणि भिंतीकडे तोंड करून पडते.

सगळे म्हणतात, काजूचा धसका घेतला. सासूबाईंनी दृष्ट काढली, शेजारच्या मशिदीतून पाणी फुंकून आणलं. मलाही तेच वाटतंय. माझंच चुकलं, तिला इतका लळा लावू द्यायला नको होता. उद्या डॉक्टरांकडे नेते.

मी लहान असताना तुमच्या त्या लंगड्या शेळीसाठी अशीच रडले होते ना? तेव्हा तुम्ही मला काय सांगितलं होतं? ते लिहून पाठवा, मी तिला सांगेन.

शबाना

आटपाडी
दि. १२ जून २०२५

शबाना बेटी,

दुआ. तुझं पत्र आत्ता नाथाजीनं आणून दिलं, आणि तो बसलाय तोवरच लिहायला घेतलं.

शाझियाला ताप आला वाचून जीव खालीवर झाला. पण तू घाबरू नकोस. पोरीचं मन हळवं आहे, तुझ्यावरच गेलीय. तू त्या लंगड्या शेळीसाठी तीन दिवस रडली होतीस आणि चौथ्या दिवशी माझ्या पुढ्यातली गुळाची पोळी पळवली होतीस. तेव्हा मी तुला सांगितलं होतं की ज्याच्यावर माया केली ते जनावर आपल्यासाठी वर जाऊन दुआ मागतं. खरं खोटं मला माहीत नाही, पण तू गप्प झाली होतीस. शाझियाला तेच सांग.

एक नवी पाट आहे माझ्याकडे, तरणी शेळी, पांढरी, कपाळावर काळा टिळा. शाझिया बरी झाली की ती तिची. ही कुर्बानीची नाही, दुधाची आहे, हे तिला आधीच सांगून टाक.

यंदा बाजार बरा झाला. विट्याची दोन घरं आणि तासगावचे बेदाणेवाले पुढच्या वर्षीसाठी आत्ताच सांगून गेले. तासगावचे तर म्हणाले, "दिलावरचं बकरं डोळं झाकून घ्यावं." ऐकून बरं वाटलं. अफसाना तुला सलाम सांगते.

पोरीला भाताची पेज दे, डाळिंबाचा रस दे. जीवाला फार लावून घेऊ नकोस.

तुझा,
दिलावरमामू

[कागदाच्या मागच्या बाजूला]

ता. क. राहीबाई बरी होऊन आली. सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो ताप गोचिडांचा होता. आधी ताप, मग तळहाता-तळपायांवर लाल ठिपके. साध्या गोळ्यांनी दोन दिवसांत उतरला, पण उशीर झाला असता तर अवघड होतं म्हणे. शाझियाचं तसं काही नसणार. तरी तुमच्या डॉक्टरांना सहज विचारून बघ.

कराड
दि. २४ जून २०२५

दिलावरमामूंस,

हे पत्र दवाखान्यातून लिहीत आहे. शाझिया जिवंत आहे. हे आधी सांगते.

दहा तारखेला डॉक्टरांनी तपासलं आणि व्हायरल म्हणाले. तेराला अंगावर बारीक पुरळ दिसलं. उन्हाळा अजून उतरलेला नाही, आम्हाला घामोळं वाटलं. रक्त तपासलं, प्लेटलेट कमी आल्या, म्हणून डेंग्यूची तपासणी केली. ती निगेटिव्ह आली. तरी सगळ्यांचं लक्ष डेंग्यूकडेच. डॉक्टरांनी तिचे हातही बघितले, "मेंदी छान रंगलीय" म्हणाले, तिला हसवायला. ती हसली नाही. सतराला दुपारी तिनं मला ओळखलं नाही, मला सृष्टी म्हणाली. तेव्हा तिला इकडे मोठ्या दवाखान्यात आणलं.

तुमचं पत्र मला अठराला मिळालं. मागची बाजू वाचली आणि तशीच पळत डॉक्टर संयोगिता म्हणून इथल्या तरुण डॉक्टर आहेत त्यांच्याकडे गेले. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. मग शाझियाचे पाय उचलून तळवे बघितले. ठिपकेच ठिपके. आम्ही कुणी तिचे तळपाय बघितलेच नव्हते. हात लिंबानं आणि खोबरेल तेलानं घासून बघितले, मेंदी फिकी झाली आणि खालून लाल डाग वर आले. कानामागे केसांत एक काळी खपली सापडली, गोचीड चावल्याची खूण. डॉक्टर म्हणाल्या, रिपोर्टला चार दिवस लागतील, आपण वाट बघायची नाही. लगेच औषध सुरू केलं. वीस तारखेला ताप उतरला. एवढं साधं औषध, मामू, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं.

पण ती बोलावलेलं ऐकत नाही. आम्हाला आधी वाटलं गुंगीत आहे. आता कळलंय, दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. या तापात असं होतं म्हणे. परत येईल का, किती येईल, कुणी सांगत नाही.

मला एकच विचारायचंय. तुम्हाला माहीत होतं. बकऱ्याच्या कानात गोचीड होते हे माहीत होतं, राहीबाईचा ताप कशाचा होता हे माहीत होतं, शाझियानं ते नखांनी फोडले हेही मी स्वतः लिहून कळवलं होतं. तरी तुम्ही फोन केला नाही. पत्र टाकलंत. आणि पत्रात पाट, तासगावचे बेदाणेवाले, गुळाची पोळी सगळं पुढे, आणि माझ्या पोरीचा जीव मागच्या बाजूला ताजा कलम म्हणून. का?

तौसीफच्या घरचे काय बोलतात ते लिहीत नाही. तुम्ही सध्या इकडे येऊ नका.

शबाना

आटपाडी
दि. ३० जून २०२५

शबाना,

तुझं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. अफसानानं विचारलं, काय झालं, तर तिच्या हातात दिलं. आता लपवायला काही उरलेलं नाही.

तू का म्हणून विचारलंस. उत्तर आहे, पण ते लिहायला हात उचलत नाही. तरी लिहितो.

बकऱ्याच्या अंगावर गोचीड होते. यंदा उन्हाळ्यात माझी शेरडं आणि राहीबाईची मेंढरं एकाच टेकाडावर चरत होती, सगळ्यांनाच झाले होते. फवारणीचं औषध घरात होतं. पण औषध मारलं की त्या जनावराचं मटण काही दिवस खाऊ नये असं डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि ईद तोंडावर. म्हणून मी हातानं वेचले, करंजाचं तेल लावलं. दोन दिवस बसून वेचले. कानाच्या आतले राहिले. ते मला दिसले होते. मी म्हटलं, कोण कानात बघतंय. म्हणून तुला लिहिलं, कानांना हात लावू नका.

पाच तारखेला तुझं ते गमतीचं पत्र आलं आणि त्याच दिवशी राहीबाई सांगलीहून घरी आली. मी भेटायला गेलो. ती म्हणाली, "आवं दिलावरभाई, त्या डाक्टरीणबाईनं माझं तळहात बघितलं आन् पयलं इचारलं, मेंढरं राखतीस का? गोचीड फोडतीस का नखानं? मी म्हनलं, व्हय, जल्मभर त्येच केलंय. मग त्या म्हनल्या, ह्यो गोचिडाचा ताप हाय. लय माणसं उगाच मरत्यात, कारण कुनी सांगत न्हाई." तुझं पत्र तेव्हा माझ्या खिशात होतं, शबाना. शाझिया नखानं फोडते असं तू त्यात लिहिलेलं होतं. मी घरी आलो आणि काही कळवलं नाही. म्हटलं, सगळ्यांनाच थोडा होतो ताप.

बाराला तुझं दुसरं पत्र आलं आणि मला लगेच कळलं. धसक्याबिसक्यावर माझा एक क्षण विश्वास बसला नाही. फोन करायला एक मिनिट लागलं असतं. अफसानाला दोन ओळी मोबाइलवर लिहायला सांगितल्या असत्या तरी झालं असतं. पण मग अफसाना ओरडून विचारणार, "कुठला गोचीड? आपल्या बकऱ्याचा?" आणि ते गल्ली ऐकणार, बाजार ऐकणार. तुझे सासरे ऐकणार. ज्या माणसानं बारा वर्षांनी एक चांगला शब्द काढला, त्याला कळणार की मी त्याच्या दारात कसला बकरा बांधला. म्हणून पत्र लिहिलं. पत्रातही मला पुढं लिहिवेना. नाथाजी समोर बसला होता. इकडचं तिकडचं लिहीत बसलो, कागद भरला, मग उलटा करून ते लिहिलं. सहज विचारून बघ म्हणे! मीच लिहिलेला शब्द आहे तो. आता कुठंही "सहज" ऐकलं तरी अंगाला आग लागते.

पोरीचे कान गेले आणि इथं मी म्हातारा बहिरा बसलोय. माझे गेले ते वयानं गेले. अल्लानं मागितलं असतं तर जे काही थोडं उरलंय तेही देऊन टाकलं असतं.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. बाराला लिहिलेलं पत्र तेराला सकाळी टपालात पडलं, ते तुला अठराला कसं मिळतं? आपली पत्रं तिसऱ्या चौथ्या दिवशी पोहोचतात. दोन दिवस आधी मिळालं असतं तर कदाचित कान वाचले असते, असं तुझे डॉक्टर म्हणतील का? मला तर तेच दिसतं, झोपता उठता. मी नाथाजीला चौकात धरलं. चारचौघांत म्हटलं, "तू पत्र खिशात घालून बसलास. माझ्या नातीचं वाटोळं केलंस." तो म्हणाला, "गड्या, मी त्याच दिवशी थैलीत टाकलं." मी ऐकलं नाही. वरच्या कचेरीत अर्ज दिला. त्याला खुलासा द्यायची नोटीस निघणार आहे. ऑक्टोबरात रिटायर होतोय तो. आता आमचं बोलणं बंद आहे, टपाल त्याच्याऐवजी दुसराच कुणी टाकतो.

माझा गुन्हा त्यानं कमी होत नाही. पण त्याचाही हिशेब झालाच पाहिजे.

तू ये म्हणेपर्यंत येणार नाही.

दिलावर

कराड
दि. ११ ऑगस्ट २०२५

मामू,

सहा आठवडे झाले. या पत्राची सुरुवात मी इतक्या वेळा केली की वहीची पानं संपली. शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवते मी, मायना, मजकूर, समारोप. आणि स्वतःला दोन ओळी जमेनात.

आधी शाझियाचं. उजव्या कानानं थोडं थोडं ऐकू येऊ लागलंय. मोठ्यानं, समोर बसून बोललं की कळतं. डावा अजून बंद आहे. मशीन लावायचं की थांबायचं ते पुढच्या महिन्यात ठरेल. शाळेत पहिल्या बाकावर बसवलंय. पाठ फिरवून फळ्यावर लिहिता लिहिता बाई बोलल्या की तिला काही समजत नाही. फोन तर ती कानाला लावतच नाही.

आता माझं.

तुमचं पत्र मला अठराला मिळालं नव्हतं. सोळाला, सोमवारी, अकराच्या सुमारास मिळालं. पोस्टमननं माझ्याच हातात दिलं. शाझिया आत झोपली होती. मी उभ्यानंच उघडलं, पुढची बाजू वाचली. लंगडी शेळी, पाट, बेदाणेवाले. मला राग आला. इथं पोर तापानं करपतेय आणि मामूंना बाजाराचं सुचतंय, असं वाटलं. दुआ मागणारं जनावर वाचून तर आणखीच राग आला, कारण त्याच जनावराच्या धसक्यानं ती आजारी आहे असं मी धरून बसले होते. मी पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं. उलटून बघितलं नाही.

दोन दिवस ते माझ्या खांद्याला लटकत होतं, मामू. सतराला तिनं मला सृष्टी म्हटलं तेव्हाही ते पर्समध्येच होतं. अठराला दवाखान्याच्या काउंटरवर आधार कार्ड शोधताना ते खाली पडलं, पालथं. तेव्हा मागची अक्षरं दिसली. डॉक्टर संयोगितांनी विचारलं, "हे कधी आलं?" तौसीफ शेजारी उभा होता. माझ्या तोंडून निघालं, "आजच." एकदा निघालं ते निघालं. मग तुम्हालाही तेच लिहिलं. तुमच्यावर चिडले होते ते खोटं नव्हतं, पण तुमच्यावर चिडत राहिलं की माझ्या पर्सकडे कुणाचं लक्ष जात नव्हतं.

आणखी एक आहे. दहा तारखेला पहिल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात काही जनावर आहे का?" अगदी स्पष्ट विचारलं होतं. शाझिया माझ्या मांडीवर होती. काजूचं नाव काढलं असतं तर ती पुन्हा रडली असती. मी म्हटलं, "नाही." खोटं कुठं होतं त्यात? घरात जनावर नव्हतंच. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. त्यांचा काय दोष? त्यांना मीच चुकवलं. तुम्ही तासगावच्या बेदाणेवाल्यांसाठी लपवलंत आणि मी पोरीच्या अश्रूंसाठी. दोघांनाही वाटलं, आपण भलं करतोय.

काल तौसीफला सगळं सांगितलं. तो उठून शाझियाच्या शेजारी जाऊन बसला. अजून माझ्याशी नीट बोललेला नाही. बोलेल तेव्हा बोलेल. सासऱ्यांनाही मीच सांगणार आहे, गोचिडांचं आणि पर्सचं, दोन्ही.

तुम्ही आधी नाथाजीकाकांकडे जा. हे पत्र त्यांना वाचायला द्या, कचेरीतही दाखवा. माझी सही खाली आहे. त्यांनी लग्नात मला चांदीचं नाणं दिलं होतं, आणि मी त्यांना चोर ठरवलं. तुमचा वाद ऐकूनही मी सहा आठवडे गप्प बसले. याची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

आणि एक काम तुम्हीच करा, माझ्याच्यानं होत नाही. शाझियाला वाटतं की काजू तिच्यावर रागावला. तिनं त्याला वचन दिलं होतं म्हणे, तुला काही होऊ देणार नाही. ते मोडलं म्हणून त्यानं तिचे कान नेले. हे तिनं मला सांगितलं नाही, चित्रकलेच्या वहीत लिहिलेलं सापडलं. मी समजावलं तर म्हणते, तुला नाही कळणार. तुम्हाला कळेल असं तिला वाटतं, कारण तुम्हालाही ऐकू येत नाही.

ये म्हणायचा हक्क मला आता आहे का माहीत नाही. पण या.

शबाना

आटपाडी
दि. १९ ऑगस्ट २०२५

शाझिया बेटी,

काजूनं तुझे कान नेले नाहीत. तुझ्या नानानं नेले.

हे सगळ्यात आधी लिहिलं, कारण मागच्या वेळी मी महत्त्वाचं शेवटी लिहिलं होतं.

आता नीट सांगतो. काजूच्या कानात गोचीड होते. ते त्याचे नव्हते, माझ्या टेकाडावरचे होते. ते मला दिसले होते, आणि मी तसाच त्याला तुझ्याकडे पाठवला. का, तर तुझ्या दादांनी, अम्मीच्या सासऱ्यांनी, दिलावरचा बकरा चांगला म्हणावा म्हणून. गोचिडांत ताप असतो. तो तुझ्या नखांतून नाहीतर चाव्यातून तुझ्या अंगात गेला. तू काजूचे कान साफ करत होतीस, त्याला बरं वाटावं म्हणून. तू वचन मोडलं नाहीस. त्याच्यासाठी एवढं कुणीच केलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

मग तुला ताप आला, आणि हा ताप कशाचा ते मला माहीत होतं. मी ओरडून सांगायला पाहिजे होतं. मला ओरडायची लाज वाटली. लोक काय म्हणतील याची भीती वाटली. म्हणून डॉक्टरांना उशिरा कळलं. यात अम्मीचीही एक गोष्ट आहे, ती अम्मी स्वतः सांगेल. मी माझी सांगितली. तू मला माफ कर असं मी म्हणणार नाही. मोठी झालीस की बघ, जमलं तर कर.

तुझी अम्मी विचारेल म्हणून लिहितो. नाथाजीच्या घरी गेलो होतो. तिचं पत्र त्याच्या हातात दिलं आणि त्याच्या उंबऱ्यावर बसून राहिलो. त्यानं चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. मग बायकोला म्हणाला, "च्या टाक, दोन कप." माझ्याशी काही बोलला नाही. बोलला असता तरी मला कुठं ऐकू आलं असतं! कचेरीतला अर्ज मी मागे घेतला, चुकीचा होता असं लिहून सही करून दिली. चौकातही तेच बोललो, जिथं त्याला बोललो होतो तिथंच उभं राहून. बेदाणेवाल्यांनाही कळवलं. पुढच्या वर्षी येतील न येतील.

राहीबाई आणि मी आता टेकाडावरच्या वस्त्यांवर फिरतो. ती सगळ्यांना आपले तळहात दाखवते, आता काही नाही त्यांवर, तरी दाखवते. मी सांगतो, गोचीड नखानं फोडू नका, चिमट्यानं ओढून काढा, हात धुवा, आणि ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणच सांगा. माणसं म्हणतात, "म्हाताऱ्या, हळू बोल, लय वराडतोस." बहिऱ्या माणसाचा आवाज मोठाच असतो. बारा जूनला तो कुठं गेला होता कुणास ठाऊक.

येत्या रविवारी मी येतोय. फोनवर आपलं दोघांचं जमायचं नाही, म्हणून पाटी आणि पेन्सिल घेऊन येतो. पांढरी पाट आणू का, ते तू ठरव. तिच्यावर औषध मारलंय, कान मी स्वतः बघितलेत, आणि आणली तरी तू आधी तपासून घे. नानाच्या शब्दावर घेऊ नकोस.

हा कागद एवढाच आहे. मागच्या बाजूला काही लिहिलेलं नाही. तरी तू उलटून बघ.

तुझा नाना,
दिलावर